जुजबंदी

केनवडच्या घरात बाबांच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी असते. २०१९ च्या दिवाळीत घर झाडताना आम्ही ती ओढून बाहेर काढली, तेव्हा तीत सतरा पोथ्या निघाल्या. काही लाल फडक्यात गुंडाळलेल्या, काही कापडाच्या दुकानाच्या पिशव्यांत. प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर बाबांच्या मास्तरी वळणाच्या अक्षरात मालकाचे नाव व तारीख. 'शिवलीलामृता'ची पाने सुटलेली, 'नवनाथ भक्तिसारा'चा कणा उंदरांनी खाल्लेला, 'हरिविजया'ची पहिली चौदा पाने नाहीशी झालेली. गावातल्या लोकांनी बांधून घेण्यासाठी आणून दिलेले हे ग्रंथ होते. सर्वांत जुन्या चिठ्ठीवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आम्ही विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, "होईन ना व माय. कोनी मांगायले येत नाई."

हे उत्तर त्या वेळी आम्हांला गोड वाटले. शहरात चार दिवस उशीर झाला तर माणसे भांडायला उठतात, आणि इथे तीन तीन वर्षे कोणी मागायलाही येत नाही. छंदाचे काम असे निवांत चालते, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. तो चुकीचा होता, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही मराठीचे प्राध्यापक, दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे. बाबा हे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे मामाजी. केनवड हे रिसोड तालुक्यातले, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. भोवती सोयाबीन आणि तूर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. जिल्हा बदलला तरी बाबांची एक वाट बदलली नाही. पुठ्ठा, रेक्झिन आणि चांगला दोरा आणायला ते तेव्हाही अकोल्याला जात आणि आजही जातात.

बांधणीचा नाद त्यांना शाळेने लावला. पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागण्याच्या आधीचा तो काळ. वर्ष संपले की वरच्या वर्गातल्या मुलाचे पुस्तक खालच्या वर्गातला मुलगा निम्म्या किमतीत घेई, आणि त्या पुस्तकाची अवस्था पाहून पुढचे वर्ष ते टिकणार नाही हे कोणीही सांगू शकले असते. बाबांनी एप्रिलच्या अखेरीस सगळ्या मुलांची पुस्तके गोळा करून ती बांधून द्यायला सुरुवात केली. तंत्र त्यांनी रिसोडच्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे रविवारी रविवारी जाऊन पाहून घेतले. त्या गृहस्थांनी शिकवले काहीच नाही, फक्त बघू दिले. पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात मुलांना पुस्तके फुकट मिळू लागली आणि शाळेतली ही गरज संपली. हात मात्र बसला होता. मग गावातल्या पोथ्या आल्या, भजनी मंडळाच्या वह्या आल्या, सातबाऱ्याच्या जुन्या नकलांचे गठ्ठे आले.

त्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आम्ही साहित्याचे लोक पुस्तकाबद्दल रात्रंदिवस बोलतो आणि पुस्तक कशाने धरून ठेवलेले असते हे आम्हांला ठाऊक नसते. जुने पुस्तक आधी उसवावे लागते. कण्यावरचा वाळलेला सरस ओल्या फडक्याने मऊ करून खरवडायचा, जुना दोरा कापून काढायचा, आणि मग पुस्तक त्याच्या मूळ घड्यांत सुटे करायचे. छापखान्यात मोठा कागद घडी घालून जो आठ किंवा सोळा पानांचा गठ्ठा होतो, त्याला बांधणीवाले जुज म्हणतात. कडेची फाटकी पाने पतंगाच्या कागदाच्या बारीक पट्ट्यांनी सांधायची. मग जुजागणिक घडीच्या मध्यातून दोरा आतबाहेर काढत, एक जुज दुसऱ्याला गुंतवत शिवत जायचे. ही जुजबंदी. अशी शिवलेली प्रत टेबलावर ठेवली की उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही. याउलट सगळी पाने एकत्र धरून कडेने दाभणाने भोके पाडायची आणि आरपार शिवून टाकायचे, ही झटपटीची रीत. तिला वेळ चौथा भागही लागत नाही. पण पुस्तक पुरते उघडत नाही आणि ओळींची टोके कण्याच्या घळीत जातात. शिवून झाल्यावर खळ. बाबा ती गव्हाच्या पिठाची घरीच शिजवतात आणि तीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कसर लागत नाही. नंतर अस्तराचा कागद, पुठ्ठा, वर कापड किंवा रेक्झिन, आणि शेवटी रात्रभर शिकंजात दाब. त्यांचा शिकंजा गावच्या सुताराने बाभळीच्या दोन फळ्या आणि लोखंडी आटे घेऊन करून दिलेला आहे.

बाबा २०१६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. दिवस रिकामे झाले, पोथ्या वाढल्या. आणि आम्ही त्यांच्यामागे लागलो, की बाबा, याचे पैसे घ्या.

आमचा युक्तिवाद फार नीटनेटका होता. कौशल्याला मोल मिळाले पाहिजे; फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कोणाला नसते; हातांना काम आणि कामाला दाम असला तर म्हातारपण तरतरीत राहते. हे सगळे आम्ही मनापासून बोललो. पण या बोलण्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती आम्ही त्यांनाच काय, एकमेकांनाही सांगितली नव्हती. बाबांना निवृत्तिवेतन आहे. आम्हां दोघांना, ज्या अर्थाने ते बाबांना आहे त्या अर्थाने, नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू झाली नाही. शिवाय आमच्यापैकी एकाची नऊ वर्षे तासिका तत्त्वावर गेली, म्हणजे शिकवला तेवढा तास आणि तास तेवढे पैसे, उन्हाळ्याच्या सुटीत काहीच नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा आमच्या घरातही हिशेबाची वही उघडली गेली. साठाव्या वर्षी आपल्या हाती काय राहील, आणि ते पुरले नाही तर आपल्याला काय येते? आम्हांला पुस्तके वाचता येतात, त्यांविषयी बोलता येते. बाबांना निदान ती शिवता येतात. त्यांचा छंद कमावता झालेला आम्हांला पाहायचा होता तो त्यांच्यासाठी थोडा आणि आमच्या धीरासाठी अधिक.

या निमित्ताने दोन शब्दांकडे आमचे लक्ष गेले. छंद या शब्दाच्या मुळाशी इच्छा आहे, मनाची ओढ आहे. त्याच्याच शेजारी उभे असलेले छंदस् म्हणजे पद्याचे मोजमाप. आणि वृत्ती म्हणजे मनाची ठेवण, तशीच उपजीविकाही. जुन्या कागदपत्रांत जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णाची वृत्ती असे उल्लेख येतात ते उत्पन्नाच्या हक्काविषयी. त्या वृत्तीपासून मागे फिरला तो निवृत्त. म्हणजे भाषेच्या हिशेबाने निवृत्ताजवळ छंद तेवढा उरायला हवा. आम्ही त्याच्या छंदात पुन्हा वृत्ती घालायला निघालो होतो. पण त्याच भाषेत छंदाला मापही आहे, आणि तिकडे आमचे लक्ष तेव्हा गेले नाही.

असो. बाबांनी आमचे ऐकले. का ऐकले ते त्यांनी सांगितले नाही. मुलीचा शब्द मोडायचा नाही एवढेच कदाचित कारण असेल. आम्ही दरपत्रक केले, ते छापून घेतले, रस्त्याकडे तोंड करून एक पाटी लावली. पहिल्या दोन महिन्यांत त्या पाटीमुळे एकच गाडी थांबली आणि चालकाने विचारले, इथे पंक्चर काढून मिळते का. पुढे ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि लांबची बरीच वाहने तिकडे वळली, तेव्हा ती आशाही संपली.

मग आमच्यापैकी एकाने ओळखीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे काम आणले. एकशे अठरा पुस्तके, फाटलेली. त्यासाठी तीन दरपत्रके लागत होती. दुसरी दोन कोठून आली हे आम्ही येथे लिहीत नाही, वाचकांपैकी जे महाविद्यालयांत नोकरी करतात त्यांना ते सांगावे लागणार नाही. मुदत एकवीस दिवसांची होती, कारण कसलीशी समिती यायची होती आणि तिच्यासमोर ग्रंथालय नीट दिसायला हवे होते. बाबा म्हणाले, "जवाईबापू, काम चांगलं आहे, पन एवढ्या दिवसात जुजबंदी नाई जमनार." आम्ही म्हणालो, सगळ्यांनाच कशाला जुजबंदी? काहींना कडेने शिवा.

त्यांनी एकशे अठराही कडेने शिवली. आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून अकोल्याला नेऊन यंत्रावर कापून घेतली. गठ्ठे परत गेले तेव्हा कपाटात रेक्झिनच्या निळ्या पाठी ओळीने लागल्या, समितीला ग्रंथालय आवडले. देयक अकरा महिन्यांनी निघाले.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही त्या ग्रंथालयात एक जुना टीकाग्रंथ मागवला. ती प्रत एका दिवंगत अध्यापकांच्या संग्रहातून भेट आलेली होती आणि तिच्या समासात त्यांची पेन्सिलीतली टिपणे होती. त्या टिपणांसाठीच आम्ही ती घेत असू. ग्रंथकारापेक्षा टिपणकार अनेक ठिकाणी पुढे गेलेला होता. प्रत आता निळ्या रेक्झिनमध्ये आली. पूर्ण उघडेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली, तेव्हा दिसले की बाहेरच्या समासाची पट्टी कापली गेली आहे आणि टिपणांच्या प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरे तिच्याबरोबर गेली आहेत. 'हे मत पुढे लेखकाने स्वतःच' असे एका पानावर होते, आणि पुढे काही नव्हते. काय केले लेखकाने स्वतःच? आम्ही बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो.

बाबांना सांगावे की नाही याचा आम्ही आठवडाभर विचार केला, आणि सांगितले. ते काही बोलले नाहीत. ती प्रत मागवून घेतली, उसवली, जुजागणिक पुन्हा शिवली. पाच दिवस लागले, त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. प्रत आता सपाट उघडते. गेलेली अक्षरे अर्थातच गेली. तेव्हापासून त्यांनी कोणत्याही पुस्तकाची कडा कापलेली नाही, आणि दाराजवळची पाटी काढून तिच्या लाकडाचा उपयोग शिकंजाच्या खाली आधाराला केला.

तो पावसाळा आम्ही अपराधी मनाने काढला, आणि अपराधी माणसे करतात तसे तत्त्वज्ञान केले. पैसा शिरला की छंद नासतो, असे आम्ही आता म्हणू लागलो. दाखले मराठीत हवे तेवढे सापडतात. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, वज्री, दारांच्या चौकटी, असे घराघरांतून जमवत त्यांनी हजारो वस्तूंचा संग्रह केला. विकला असता तर सात पिढ्या बसून खाल्ले असते. १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला राहिले. येथे छंदाने कमावले तर काही नाहीच, चष्म्यांच्या धंद्याने कमावलेले तेवढे खाल्ले. हे उदाहरण आम्ही वर्गात सांगत असू आणि मुले माना डोलावत.

पण बांधणीच्याच इतिहासातला दुसरा एक माणूस आमच्या या म्हणण्याच्या आड येतो. इंग्लंडातला टी. जे. कॉबडेन-सँडरसन हा बॅरिस्टर. चाळिशी उलटल्यावर, १८८३ मध्ये, विल्यम मॉरिसच्या पत्नीने त्याला सुचवले की तुम्ही पुस्तकबांधणी का शिकत नाही? त्याने खरोखरच वकिली सोडली, एका बांधणीवाल्याकडे उमेदवारी केली, १८९३ मध्ये स्वतःची डव्ह्ज बाइंडरी काढली, आणि ते उत्पन्नाचे काम असूनही त्याच्या बांधणीत कोठे घाईचा टाका दिसत नाही असे जाणकार मानतात. पैशाने त्याचे काम बिघडवले नाही. बिघाड झाला तो प्रेमानेच. पुढे त्याने भागीदारीत छापखाना काढला, भागीदाराशी बिनसले, आणि आपला देखणा खिळा दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून १९१६-१७ च्या सुमारास त्याने रात्री रात्री तो सगळा थेम्स नदीत नेऊन टाकला. तेव्हा निष्काम प्रीती शुद्ध आणि मोबदला अशुद्ध, ही मांडणी आम्हांला वाटली तितकी पक्की नाही.

आणि कमलाबाई ओगले यांचे काय? 'रुचिरा' १९७० मध्ये आली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून पुढे गेल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकाला कोणी छंद म्हटले नसते. घरच्या बाईचे ते कामच समजले जाते, आणि ज्याला काम समजतात पण मोबदला देत नाहीत अशा गोष्टींची यादी आपल्याकडे मोठी आहे. त्यांनी केले ते एवढेच की जे अंदाजाने, हाताच्या सवयीने चालत आले होते, ते वाटी-चमच्याच्या मापात बसवले. माप ठरल्यामुळे सासू जवळ नसलेल्या, परगावी एकट्या राहणाऱ्या, हाताला वळण नसलेल्या माणसालाही ते करता आले. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. आम्ही हे उदाहरण बाबांच्या कामाशी जोडले नव्हते. ते जोडून दिले केनवडच्याच एका बाईंनी, आणि त्यांनी 'रुचिरा' पाहिली असण्याचा संभव कमी आहे.

त्या बचतगटाच्या सचिव. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही गावी असताना त्या दोनशे पानी एक वही घेऊन आल्या. त्यांची आई सातवी शिकलेली. शेवटच्या दोन वर्षांत तिने आठवतील तेवढ्या जात्यावरच्या ओव्या बॉलपेनने लिहून ठेवल्या होत्या. घर गळाले, वही भिजली, शिवण सुटली. आम्ही दोघे त्या वहीवर अक्षरशः तुटून पडलो. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत, त्यांचे महत्त्व आम्ही शिकवतो. पण एका बाईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या क्रमाने लिहिलेली वही हातात येणे ही निराळी गोष्ट. आम्ही बोलत राहिलो. बाई आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्या बाबांना विचारत होत्या, किती घ्याल?

बाबा म्हणाले, "आईची वही हाय. पैसे कायचे घ्यावं याचे? ठेवून जा."

बाई म्हणाल्या, "नाई गुरुजी, फुकट नका करू. फुकट कराल तं मले मांगायले तोंड नाई राहत. साठ घ्या, शंभर घ्या, पन कवा देता ते सांगा."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. बाबांची नजर खाटेखाली गेली होती. तिथे ती पेटी होती.

कोणी मागायला येत नाही, ते का, हे आम्हांला त्या दुपारी कळले. फुकटच्या कामाचा तगादा लावता येत नाही. गुरुजी आपल्यासाठी उपकार म्हणून करतात, त्यांना कसे विचारायचे? लोक वाट पाहत राहिले. वाट पाहणारी माणसे म्हातारी होती, आणि मधे २०२० आणि २०२१ ही वर्षे येऊन गेली होती. बाबांनी त्याच संध्याकाळी पेटी उघडून चिठ्ठ्या वाचल्या. सतरांपैकी तीन नावांची माणसे उरली नव्हती. दुपारी पोथी वाचून झोपणाऱ्या त्या तिघांनी शेवटची तीन-चार वर्षे पोथीवाचून काढली असतील, आणि ती का, तर आम्ही ज्याला छंदाचा निवांतपणा म्हणत होतो त्यामुळे.

बाईंची वही आठव्या दिवशी झाली. ओल्या पानांत पतंगाचा कागद घालून ती सुटी केली, प्रत्येक पान पट्टीवर चिकटवून त्या पट्ट्यांचे जुज केले, शिवले. साठ रुपये बाईंनी मोजून दिले, वही उघडून मधोमध टेबलावर ठेवून पाहिली, आणि एक पान उलटे लागले आहे असे दाखवले. खरोखरच लागले होते. बाबांनी ते लगेच काढून सरळ केले. साठ रुपये दिले नसते तर ते पान त्यांनी दाखवले असते का?

त्यानंतर महिनाभरात पोथ्या झाल्या. बाबांनी पोथीला अकरा रुपये ठरवले, त्यांतून पुठ्ठ्याचाही खर्च निघत नाही, पण तारीख ठरते. ज्यांच्याकडे माणूस उरला नव्हता त्यांच्या तीन पोथ्या ते स्वतः घेऊन गेले. एका घरी सुनेने ती देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या घरी मुलाने घेतली आणि म्हटले, "आता कोन वाचते गुरुजी?" तिसरे घर बंद होते, ती पोथी अजून बाबांकडे आहे.

गावातले काही जण अकरा रुपये देत नाहीत, पायलीभर तूर आणून देतात, कोणी खळीसाठी गव्हाचे पीठ देते. हे पाहून आमच्या मनात बलुत्याचा विचार आला आणि आम्ही तो लगेच आवरला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. दुसरे वाचल्यानंतर पहिल्यातल्या व्यवस्थेकडे कोणी भाबडेपणाने पाहू नये. तूर देणारा आणि बाबा यांच्यात तूर नाकारण्याची मोकळीक आहे, निवृत्तिवेतन आहे, मास्तरकीचा मान आहे. ज्याच्याजवळ यांतले काही नाही त्याने तूर घेणे वेगळे.

बाबांचे गेल्या वर्षाचे उत्पन्न सात हजार चारशे रुपये झाले, साहित्याचा खर्च वजा न करता. ग्रंथालयाचे काम ते आता घेतात, पण महिन्याला दहा पुस्तके, मुदत त्यांची. लग्नाचे अल्बम घेत नाहीत. दोन मुले शनिवारी बघायला येऊन बसतात. बाबा त्यांना काही शिकवत नाहीत, बघू देतात. या आकड्याने आमच्या साठीचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. आमची वही आम्ही अजून मधूनमधून उघडतो.

आमच्या छंदाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. विसाव्या वर्षी आम्हांला वाचनाचा नाद होता आणि आम्ही त्याचीच नोकरी केली. निवृत्तीपर्यंत थांबलो नाही. त्याचे काय झाले? कविता समोर आली की हात पेन्सिलीकडे जातो आणि डोळे पाच गुणांच्या प्रश्नाची जागा शोधतात. तासिका तत्त्वाच्या वर्षांत तर एका तासात किती पाने उरकतील याचा हिशेब आधी, अर्थ नंतर. आम्ही एकशे अठरा पुस्तके कडेने शिवली आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ती पूर्ण उघडत नाहीत. हे बाबांना कधी बोलून दाखवलेले नाही.

यंदा उन्हाळ्यात जाताना आम्ही एम.ए.च्या वेळी घेतलेली 'लीळाचरित्रा'ची डॉ. वि. भि. कोलते यांची प्रत बरोबर नेली. दोघांची मिळून एकच प्रत होती. कोणी किती दिवस ठेवायची यावरूनच आमची ओळख वाढली. कणा केव्हाच मोडला आहे, आणि मेहकर, लोणार या आमच्या शेजारच्या गावांच्या लीळा असलेली पाने सुटून मागेपुढे झाली आहेत. समासात दोन हस्ताक्षरे आहेत, एकमेकांशी वाद घालणारी. बाबांनी चष्मा लावून पाने चाळली, समास पाहिला, थोडे हसले.

"कडा कापत नाई," ते म्हणाले. "कवा पायजे?"

आम्ही म्हणालो, बाबा, आम्हांला काही घाई नाही, सवडीने करा.

त्यांनी चिठ्ठी घेतली, तीवर आमची दोघांची नावे लिहिली, पुढे तारीख घातली, अडीचशे रुपये असा आकडा लिहिला आणि आगाऊ शंभर मागितले.